भरती पाहून गाडी काढा: नेरुळ ते वेळास, तीन दिवस

प्रश्न: आम्ही नेरुळला राहतो. मी, नवरा, 11 आणि 7 वर्षांची दोन मुलं आणि सासूबाई, असे पाच जण. गाडी स्वतःची आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये शुक्रवार ते रविवार मोकळे मिळतील. समुद्राच्या कडेकडेने जायचं आहे. नुसती हॉटेलं आणि बीच नकोत, मुलांना प्राणी-पक्षी, खडक, जंगल असं काही खरं दिसलं पाहिजे. रोहित पक्षी, कासवं आणि हरिहरेश्वर एकाच फेरीत जमेल का? सासूबाईंचे गुडघे दुखतात, हेही लक्षात घ्या.

ताई, तिन्ही गोष्टी जमतील, पण रोहित या तीन दिवसांत कोंबू नका. त्याचं कारण पुढे येईलच. मी ऐरोलीत राहतो आणि ठाणे-नवी मुंबईतल्या कुटुंबांना घेऊन या किनाऱ्यावर वीसेक वर्षं जातो आहे. लोक आधी हॉटेल ठरवतात, मग रस्ता, मग वेळ. या सहलीत सगळ्यात आधी तिथी ठरवायची. किनाऱ्यावर जे बघायचं आहे, ते कधी दिसणार हे घड्याळ ठरवत नाही, पाणी ठरवतं. एकच जागा सकाळी नऊला बघण्यासारखी असते आणि दुपारी तीनला जीव घेणारी.

भरतीची वेळ काढायची जुनी रीत मी बेलापूरच्या दिवाळे गावातल्या कोळ्यांकडून शिकलो. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, भरतीचा तास मिळतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता. त्यानंतर साधारण सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची हालचाल कमी. हा हिशेब अर्धा तास इकडेतिकडे होतो. म्हणून निघण्यापूर्वी भरतीच्या तक्त्याचं ॲप उघडून नेमकी वेळ बघून घ्या. पण कॅलेंडरवर बोट ठेवून महिनाभर आधी सहल ठरवायला पाऊणपट पुरते.

तुमच्यासाठी मी असा शुक्रवार शोधेन, जो द्वितीयेच्या आसपास येतो. पौर्णिमेनंतरची वद्य द्वितीया असो वा अमावास्येनंतरची शुद्ध द्वितीया, पाण्याला दोन्ही सारख्याच. म्हणजे रविवारी चतुर्थी येते, भरती दुपारी तीनला आणि ओहोटी सकाळी नऊला. हरिहरेश्वरला नेमकी हीच वेळ हवी आहे. एक दिवस पुढे सरकलात, तृतीया ते पंचमी, तरी चालेल. त्यापुढे नको. फाल्गुनातली वद्य द्वितीया घेतलीत तर होळीची गर्दी अजून ओसरलेली नसते, शिमग्याला चाकरमानी गावी आलेले असतात, घरगुती खोल्या मिळत नाहीत. शक्य असेल तर माघातली घ्या.

आता रोहितांचं. ते तुमच्या दारातच आहेत, त्यांच्यासाठी सहलीचा दिवस खर्च करू नका. सहलीच्या आधीच्या रविवारी हिशेबाने द्वादशी येते, भरती नऊच्या सुमाराला. खाडीचा चिखल उघडा असतो तेव्हा रोहित आत लांब चरत असतात आणि किनाऱ्यावरून फक्त गुलाबी रेघ दिसते. पाणी चढायला लागलं की चिखल बुडतो आणि थवे काठाकडे किंवा नेरुळ-सीवूड्सच्या तळ्यांकडे विसाव्याला सरकतात. म्हणून साडेसातला टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागे किंवा डीपीएस शाळेजवळच्या तळ्यावर उभे राहा आणि नऊपर्यंत हलू नका. पाणी चढत जातं तसे पक्षी तुमच्याकडे येतात, तुम्हाला त्यांच्याकडे जावं लागत नाही. सासूबाई घडीची खुर्ची टाकून बसल्या तरी सगळं दिसेल.

मुलांना दोन्ही जाती ओळखायला सांगा. मोठा रोहित उंच, फिकट, चोच गुलाबी आणि टोकाला काळी. लहान रोहित बुटका, रंगाने गडद, चोच काळपट लाल. लहान रोहित प्रामुख्याने पाण्यातलं सूक्ष्म निळं-हिरवं शेवाळ गाळून खातो आणि पिसांचा गुलाबी रंग त्या खाण्यातूनच येतो. पिल्लं करड्या रंगाची असतात, करडा पक्षी दिसला तर तो आजारी नाही, लहान आहे. ठाणे खाडीचा काही भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 मध्ये खाडी रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. तरीही ही तळी जगतात ती खाडीचं पाणी आत येण्याची वाट मोकळी राहते तोवरच. ती बुजली की पाणी साचतं, शेवाळाचा समतोल जातो आणि पक्षी येईनासे होतात. मे 2024 मध्ये घाटकोपरला विमानाची धडक बसून 39 रोहित मेले, तेव्हा मी दोन दिवस खाडीवर जाऊ शकलो नाही. मुलांना हेही सांगा. त्यांना कळतं.

होडीतून बघायचे असतील तर ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून फेऱ्या निघतात. त्यांची वेळ रोज भरतीप्रमाणे बदलते, आधी नोंदणी करा. तिथल्या लाकडी वाटेवर चिखलात पाहा. निवट्या, म्हणजे चिखलावर उड्या मारणारा मासा, तुमच्या धाकट्याला रोहितापेक्षा जास्त आवडेल अशी माझी खात्री आहे. तिवरांची वर आलेली श्वासमुळंही तिथेच हातभर अंतरावरून दिसतात.

शुक्रवारी पहाटे सहाला निघा आणि पहिला थांबा कर्नाळा. नेरुळहून तासाभराच्या आत आहे. हे महाराष्ट्रातलं पहिलं पक्षी अभयारण्य, 1968 चं. किल्ल्यावर चढू नका, तुमच्या चमूला ते जमणार नाही आणि गरजही नाही. खालच्या सपाट वाटेवर दीड तास हळू चाला आणि बोलू नका. पानगळीच्या या दिवसांत स्वर्गीय नर्तक, तांबट, हळद्या सहज दिसतात. शीळकरी कस्तूरची खरी गाणी पावसाळ्याच्या तोंडावर असतात, फेब्रुवारीत त्याची अपेक्षा धरू नका. बाहेर पडल्यावर महामार्गावरून मागे वळून कर्नाळ्याचा अंगठा दाखवा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरांवर थर साचले. आजूबाजूचा ठिसूळ दगड झिजून गेला आणि कणखर सुळका उभा राहिला. तीन दिवस तुम्ही याच दगडावरून फिरणार आहात. मुलांना दर ठिकाणी विचारा, हा कर्नाळ्याचाच दगड आहे का? रविवारी हरिहरेश्वरला पोहोचेपर्यंत ती स्वतःच सांगायला लागतात.

वडखळच्या नाक्यावर वाहतूक तुंबते, तिथे दहाच्या आत पोहोचा. पुढे अलिबागच्या रस्त्याला खारेपाट लागतो. भरतीचं पाणी बांध घालून अडवून केलेली ही शेतं, मधे मिठागरं, कडेला बगळे आणि शेकाटे. गाडीतूनच बघा. अलिबाग शहरात थांबू नका. तिथे वेळ जातो आणि हाती काही लागत नाही. रेवदंड्याला खाडीचा पूल ओलांडलात की काशीदपर्यंतचा रस्ता सुंदर आहे, एका हाताला डोंगर आणि एका हाताला समुद्र.

काशीदच्या किनाऱ्यावर साडेचारच्या सुमाराला उतरा, तेव्हा ओहोटी चालू असेल. वाळू पांढरी, पाणी देखणं, आणि म्हणूनच इथे माणसं बुडतात. उतरतं पाणी पाय आत ओढतं. मुलं घोट्याच्या वर पाण्यात जाणार नाहीत, हा नियम घरातूनच ठरवून निघा. त्याऐवजी ओल्या वाळूत बघायला लावा. मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी दिसेल, मधे एक भोक आणि त्याभोवती किरणांसारखे पसरलेले गोळे. बोटाच्या पेराएवढे खेकडे वाळू तोंडातून फिरवतात, त्यातलं खाणं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी टाकून देतात. पुढच्या भरतीत सगळी नक्षी पुसली जाते, सहा तासांनी पुन्हा सुरू. माझ्याबरोबर आलेली मुलं इथे अर्धा-अर्धा तास उकिडवी बसलेली मी पाहिली आहेत.

आणि ताई, गाडी वाळूत नेऊ नका. कोणी कितीही आग्रह केला तरी. चाकं रुततात ते वेगळंच, पण त्या वाळूखाली खेकड्यांची बिळं असतात आणि या किनाऱ्यावर हिवाळ्यात कासवं अंडी घालतात. एका चाकाखाली अख्खं घरटं जातं. हे मी दरवर्षी बघतो आणि दरवर्षी तितकाच संताप येतो.

मुक्काम काशीद किंवा मुरूडच्या अलीकडे करा, कारण शनिवारी उजाडताना फणसाडला असायला हवं. मुरूड-जंजिऱ्याच्या नबाबाचं हे शिकारीचं राखीव जंगल, 1986 मध्ये अभयारण्य झालं. समुद्रापासून इतक्या जवळ इतकं दाट जंगल आपल्या बाजूला फार कमी उरलं आहे. सुपेगावच्या बाजूने आत जा आणि गावातला वाटाड्या घ्याच. बिबट्याची आशा मुलांना दाखवू नका. तुम्ही शेकरू बघायला चालला आहात.

शेकरू, आपला राज्यप्राणी, हातभर लांबीची तांबूस खार, शेपटी अंगापेक्षा लांब. खाली शोधून सापडत नाही. वाटेवर अर्धवट कुरतडलेली फळं पडलेली दिसली की तिथे थांबा आणि मान वर करा. किंवा खडखड असा कर्कश आवाज आला की थांबा. उंच झाडांच्या फांद्यांच्या बेचक्यात पानं-काटक्यांचे मोठे गोळे दिसतील, ती त्यांची घरटी. एकाच शेकरूची अशी अनेक घरटी असतात, म्हणून दहा घरटी दिसली म्हणजे दहा शेकरू आहेत असं समजू नका. पाणवठ्यांना इथे गाण म्हणतात. उन्हाळा लागला की सगळं जंगल गाणीभोवती जमतं. गारंबीचा वेलही नक्की दाखवा. माणसाच्या मांडीएवढं खोड आणि हातापेक्षा लांब शेंगा. सासूबाईंच्या पिढीला गारंबीच्या बिया ठाऊक असण्याची शक्यता आहे, त्यांनाच विचारा. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातली झाडं आडवी केली. पडलेल्या खोडांच्या जागी वर उघडलेल्या आभाळातून ऊन आत येतं आणि तिथे नवी रोपं कशी धावत वर आली आहेत, ते वाटाड्याकडून समजून घ्या. सासूबाईंना पहिल्या अर्ध्या किलोमीटरपर्यंतच न्या, सावलीत बसू द्या. जंगल बसूनही दिसतं, किंबहुना बसलेल्यालाच जास्त दिसतं.

दहाच्या सुमाराला मुरूडात पोटभर खाऊन आगरदांड्याला या. इथून दिघीला जंगल जेट्टी, म्हणजे गाड्या नेणारी बोट जाते, गाडीसकट. राजपुरी खाडी ओलांडताना मुखाशी जंजिरा दिसतो. तो असा लांबूनच बघा, किल्ल्यासाठी वेगळी फेरी करा. जेट्टीवर मात्र गाडीत बसून राहू नका. खाडीच्या तोंडाशी गादा दिसतो. कोकणात डॉल्फिनला गादा म्हणतात. पाठीवर उंचवटा असलेला, किनाऱ्यालगत राहणारा. पाण्याबाहेर सहसा झेप घेणार नाही, नुसती काळसर पाठ वर येऊन पुन्हा बुडेल. होडीवाले पैसे घेऊन त्यांच्या मागे होड्या पळवतात. त्या फंदात पडू नका, त्या आवाजाने पिल्लं आईपासून तुटतात.

दिवेआगरला जेवण. नारळी-पोफळीच्या बागांमधलं गाव आहे, घरगुती खानावळी चांगल्या. उकडीचा मोदक आधी सांगून ठेवावा लागतो. त्या दिवशी भरती सव्वादोनला आहे, म्हणून दिवेआगरहून निघायची घाई करू नका आणि उशीरही करू नका. तीनला शेखाडीच्या रस्त्याला लागा. दिवेआगर ते श्रीवर्धन हा तुकडा म्हणजे या सगळ्या सहलीतला सर्वांत देखणा रस्ता. समुद्र अक्षरशः चाकाशी असतो, आणि भरती नुकतीच सरली असेल तर पाणी खालच्या कातळावर फुटताना दिसतं. हाच रस्ता ओहोटीला निम्मा फिका वाटतो. थांबायचं तर रुंद जागा बघून पूर्ण बाजूला घ्या, वळणं आंधळी आहेत.

श्रीवर्धनला चहा घेऊन बागमांडल्याला पाचपर्यंत. तिथून वेसवीला दुसरी जेट्टी. शेवटच्या फेरीच्या भरवशावर राहू नका. ही सावित्रीची खाडी, महाबळेश्वरला उगम पावलेली तीच सावित्री. वर महाडजवळ तिच्यात मगरी आहेत, इथे मुखाशी समुद्री गरुड. पांढरं पोट, राखी पंख, आकार घारीच्या दीडपट. खाडीच्या मधोमध आलात की दोन्ही काठांवरच्या उंच झाडांचे शेंडे बघा. पलीकडे उतरलात की जिल्हा रत्नागिरी आणि दगडही बदललेला. काळ्याच्या जोडीला लाल जांभा दिसायला लागतो. मुलांना आता कर्नाळ्याच्या दगडाचा प्रश्न अवघड जाईल.

वेळासला मुक्काम गावातल्या घरीच करा. चटईवर झोपावं लागेल, सासूबाईंसाठी पलंग आहे का ते फोनवर विचारून घ्या. नाना फडणवीसांचं हे गाव, पण आता ते ओळखलं जातं कासवांमुळे. पूर्वी इथली अंडी चोरीला जायची, उरलेली कुत्री-कोल्हे उकरायचे. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून संरक्षण सुरू केलं, आणि 2006 पासून कासव महोत्सव. माझ्या मते कोकणात पर्यटनाने काही वाचवलं असेल तर ते इथे.

मादी रात्री येते, वाळूत फूट-दीड फूट खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि निघून जाते. पिल्लांना ती कधी बघत नाही. पहाटे किनाऱ्यावर फिरणारे कार्यकर्ते माग काढून ती अंडी कुंपणाच्या आत, तेवढ्याच खोलीवर पुन्हा पुरतात. 45 ते 60 दिवसांत पिल्लं निघतात. नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं, जास्त गरम वाळूतून माद्या जास्त. उन्हाळे तापत चालले आहेत त्याचा या किनाऱ्याशी असा थेट संबंध आहे. 2022 च्या जानेवारीत इथेच एका मादीच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र बसवलं. तिचं नाव प्रथमा.

पिल्लं सोडतात सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. शनिवारी वेळेत पोहोचलात तर संध्याकाळची, नाहीतर रविवारची सकाळची. दोन वेळा मिळाव्यात म्हणूनच मुक्काम इथे ठेवला आहे. घरट्यावरची टोपली उचलल्यावर खाली एकही पिल्लू नसेल असंही होतं. निघण्यापूर्वी दोन दिवस गावात फोन करून किती घरटी फुटायच्या बेतात आहेत ते विचारा, पण खात्री कोणी देणार नाही. किनाऱ्यापर्यंत गाडी जात नाही, काही अंतर चालावं लागतं आणि शेवटी वाळू. सासूबाईंना काठी द्या आणि अर्धा तास आधी निघा. दोरीच्या मागे उभं राहायचं, फ्लॅश नाही, हात लावायचा नाही. पिल्लू उलटं फिरलं तरी उचलायचं नाही. त्याचं ते वळतं.

साडेसातला किनारा सोडा आणि पहिल्या मिळेल त्या फेरीने परत बागमांडला. नऊला हरिहरेश्वर, ओहोटी पूर्ण. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव, असा दर्शनाचा क्रम आहे. सासूबाईंना ठाऊक असेलच, त्या देवळात थांबतील. बाकीच्यांनी प्रदक्षिणेच्या वाटेने पायऱ्या उतरा. दोन खडकांच्या खिंडीतून खाली आलात की समोर लाटांनी तासून काढलेलं कातळाचं अंगण पसरलेलं असतं. मागे कडा, त्याच्या पायथ्याशी लाटांनी आत खणलेली खाच, आणि खडकात मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं. खारं पाणी दगडाच्या बारीक फटींत शिरतं, वाळतं, मिठाचे स्फटिक फुगतात आणि कण कण सुटतो. लाट जे तोडू शकत नाही ते मीठ तोडतं.

सुरुवातीच्या वर्षांत मी एकदा एक गट इथे चतुर्थीलाच दुपारी दीडला उतरवला. वाटेत जेवण लांबलं होतं, आणि मी पाण्याऐवजी वेळापत्रकाकडे बघत होतो. निम्म्या वाटेवर पाणी खिंडीत शिरलं. एका काकांना लाटेने खडकावर आपटलं, दोन्ही गुडघे फुटले. आम्ही सगळे बाहेर आलो, पण ती माझी चूक होती आणि पाऊणपट मी त्यानंतर शिकलो. म्हणून सांगतो, दहाला वर या. उशीर झाला असेल, जेट्टी चुकली असेल, तर दर्शन घ्या आणि खाली उतरूच नका. साडेदहानंतर पाणी पाठीमागून येतं.

परतीला म्हसळा, माणगाव आणि मग महामार्ग. रविवारी संध्याकाळी माणगाव-कोलाडला गाड्यांची रांग लागते, म्हणून हरिहरेश्वर अकराला सोडा. म्हसळ्याजवळ चिरगाव आहे, तिथे उंच झाडांवर पांढऱ्या पाठीची गिधाडं घरटी करतात. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे, ते पोटात असलेली मेलेली गुरं खाऊन, देशातली ही गिधाडं 99 टक्क्यांहून जास्त संपली, 2006 मध्ये त्या औषधाच्या पशुवापरावर बंदी आली. इथल्या लोकांनी उरलेली सांभाळली. घरट्यांपाशी जाऊ नका, ओळखीच्या कार्यकर्त्याशिवाय तर नाहीच. म्हसळा सोडल्यावर सावली बघून दहा मिनिटं गाडी थांबवा. बाराच्या उन्हात हवा तापून वर चढते आणि गिधाडं त्या हवेवर गोल फिरत वर जातात. घारींपेक्षा रुंद पंख, आखूड शेपटी, आणि वळताना उन्हात चमकणारी पांढरी पाठ. दिसली तर पहिल्यांदा सासूबाईंना दाखवा. त्यांच्या लहानपणी ती गावोगाव असायची.